वापसा

शामरावनगरात प्लॉट घेतला तेव्हा सगळे म्हणाले,
पाया खोल घ्या, काळी जमीन हलते.
पाया घेतला. घर उभं आहे.
हलतं ते मागचं पाऊण गुंठा रान.
उन्हाळ्यात अशा भेगा
की एकदा चष्म्याची डबी आत गेली, ती गेलीच.
पावसाळ्यात पाय परत देते,
चप्पल ठेवून घेते.

सिव्हिलच्या ड्रेसिंग रूममध्ये एकतीस वर्षं काढली.
बोळा किती दाबायचा, पट्टी कुठं सैल सोडायची,
बोटांना विचारावं लागत नव्हतं.
या मातीपुढे मात्र बोटं नवखी.

कुणीतरी म्हणालं, वाळू टाका, हलकी होईल.
टेम्पोभर वाळू टाकली. कालवली, पाणी मारलं, वर चालून सपाट केली.
मेथी फेकली.
मेथी आलीच नाही.
चैत्रात टिकाव मारला तर ठण्णकन वाजलं
आणि हात कोपरापर्यंत झिणझिणला.

समोरच्या बांधकामावर यल्लाप्पा विटा उतरवत होता.
आला कुंपणापाशी, ढेकूळ उचललं,
नखानं खरवडलं, जिभेला लावलं.
"बाई, ही तर आमची वीट.
भाजायची तेवढी ऱ्हायलीया."
त्याच्या भुवयांवर लाल धूळ होती, हसला तशी थोडी गळली.

"आमचं काम म्हंजे चिखलातला वारा काढायचा.
तुडव तुडव तुडवायचं.
तुम्हास्नी उलटं करायचंय.
वारा घाला आत.
आन् पाय ठिवू नका. पायानं वीट हुती, वाफा न्हाई."

त्या उन्हाळ्यात वळवाची एक सर आली
आणि जी ढेकळं टिकावाला दाद देत नव्हती
ती रात्रीतून भुसभुशीत विरली.
तेवढ्या संधीत चर काढले, माती वर ओढली,
वीतभर उंच तीन गाद्या.
कवलापूरचा भाचा पाचट पेटवणार होता,
ते रिक्षात कोंबून आणलं.
कारखान्याची मळी आणली;
पद्मावती आक्कांनी आठ दिवस खिडक्या लावून घेतल्या.
शेणखत, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्या,
गणपतीतल्या दूर्वासुद्धा.
आणि पेरलं काहीच नाही.
आक्का विचारायच्या, काय लावलंय?
मी म्हणायची, काही नाही.
हे उत्तर चार महिने देणं सोपं नसतं.

दसऱ्यानंतर उघडलं.
यल्लाप्पानं सांगितलं होतं तसं
रोज सकाळी मूठभर माती दाबायची, लाडू करायचा,
कमरेइतक्यावरून सोडायचा.
पहिल्या दिवशी चपाती झाली.
दुसऱ्या दिवशी चपाती.
चौथ्या दिवशी कुदळ हातात घेतली होती,
आणि एकदम आठवल्या वॉर्डातल्या नव्या पोरी,
ओलसर जखमेवरची पट्टी घाईनं ओढणाऱ्या.
किती ओरडले असेन त्यांना!
कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

सातव्या सकाळी लाडू पडला
आणि आवाज न करता चार ठिकाणी फुटला,
आत मोकळा, पुरणासारखा.
वापसा.
दोन दिवस राहतो फार तर, मग पुन्हा दगड.
त्या दिवशी दूध उतू गेलं, फोन वाजून थांबले,
लाईट बिल भरायची शेवटची तारीख गेली.

फळी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले,
वांग्याची रोपं लावली, कडेनं मेथी.
बोटं मनगटापर्यंत आत गेली
आणि पहिल्यांदाच सहज बाहेर आली.

मार्गशीर्षात विटांची गाडी आली, यल्लाप्पा नव्हता.
पोरगा म्हणाला, मामा अथणीकडच्या भट्टीवर गेला.
त्याच्याकडे मेथीची जुडी दिली,
पोचेल की नाही देव जाणे, सुकेल वाटेत.
मुळाशी माती होती, झटकली नाही.
त्याला कळेल, नखानं खरवडून.

परत आले तर मधल्या गादीवर
आक्कांची नात उभी, दोन्ही पायांनी,
वांगं बघायला.
मी तोंड उघडलं,
आणि तिच्या टाचेशी
एक गांडूळ सावकाश खाली चाललं होतं.
"हलू नकोस," म्हणाले,
"तिथूनच बघ."